गढ्यातली कोठी आणि नेमके दोन किलो

जबलपूरला निघाले म्हटल्यावर सांगलीत ज्यानं त्यानं एकच विचारलं, "भेडाघाट बघणार ना?" मी म्हणायची, "नाही, तुरीची डाळ बघायला चालले आहे." लोकांना वाटायचं, चेष्टा करते. पण खरंच मी सहा दिवस जबलपुरात राहून संगमरवराचे ते कडे न बघताच परत आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशा धरायला नको. डाळ मात्र पोटभर पाहिली.

माझा धंदा जरा समजावून सांगायला हवा. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ माझ्या वडिलांचं काटे दुरुस्तीचं दुकान होतं. हळदीच्या वखारींतले मोठे काटे, किराणावाल्यांचे तराजू, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि मी शाळेतून आले की वजनं पुसत बसायची. आता काटे कुणी दुरुस्त करत नाही, मोडला की फेकतात. म्हणून मी आणि माझा भाचा मिळून वजनपाट बनवतो. दिसायला जेवायला बसायच्या पाटासारखा, पण पोटात सेन्सर. दुकानात, खानावळीत धान्याच्या डब्याखाली तो सरकवून ठेवायचा. डब्यातला माल उतरत गेला की आपोआप मोबाइलवर निरोप येतो: तांदूळ इतके उरले, बेसन मागवा. यंत्राच्या आतलं भाचा बघतो. मी गावोगाव जाऊन ते बसवते आणि लोकांच्या गळी उतरवते. दुसरं काम जास्त अवघड आहे.

जबलपूरहून फोन आला होता रत्नाकाकूंचा. गढा भागात त्यांचं दहा टेबलांचं मराठी भोजनालय आहे. मी किंमत, हमी वगैरे सांगायला लागले तर त्यांनी मला अडवलं. "ते सगळं राहू द्या, ताई. शनिवारी माझी पुण्याची गाडी आहे. तोवर होऊन जाईल ना?"

सोमवार: स्टेशनवरचा पहिला प्रश्न

स्टेशनवर घ्यायला काकूंचे यजमान, मधुकरकाका, आले होते. वय अडुसष्टच्या आसपास, मफलर, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजून पास-नापास करायचा, हे काम. प्रवास कसा झाला, चहा घेणार का, असलं काही नाही. पहिला प्रश्न आला तो असा: "मॅडम, तुमच्या पाटाचा लीस्ट काउंट किती?"

"दहा ग्रॅम," मी म्हणाले.

"अच्छा," ते म्हणाले, आणि माझी बॅग उचलली. मी परीक्षेत पास झाले असं समजले.

वाटेत एका हातगाडीवर त्यांनी पोहे खायला घातले. पोह्यांवर शेव, कांदा, आणि शेजारी गरम जलेबी. पोह्यांचा एक घास, जलेबीचा एक तुकडा, अशी इकडची रीत. आमच्याकडे गोड शेवटी, आणि पोह्यांबरोबर तर कधीच नाही. मी दोन्ही वेगळं खायला लागले तशी गाडीवाला काळजीनं म्हणाला, "दीदी, साथ में खाइए ना." साथ में खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून मला नुसते पोहे अळणी लागायला लागले.

रत्नाकाकू ठेंगण्या, चटपटीत, आणि उजव्या हाताची बाही कायम कोपराच्या वर दुमडलेली. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. घर भोजनालयाच्या वरच आहे. मी नेलेल्या भडंगाचा पुडा त्यांनी फोडला, चाखला, आणि "तिखट आहे, पण माणसाला जागं ठेवते," असा शेरा मारला. मग त्या मुद्द्यावर आल्या.

त्यांची मुलगी मृणाल पुण्याला असते. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी ही आमच्याकडची रीत तिथेही आहे. पण डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सक्त मनाई करून तिला पडून राहायला सांगितलं होतं. म्हणजे आता माहेरानंच उठून पुण्याला जायचं. आणि इथेच घोडं पेंड खात होतं, कारण अठरा वर्षांत रत्नाकाकू भोजनालय सोडून कुठे राहिल्याच नव्हत्या.

"एकदा गेली होती ना मी," त्या म्हणाल्या. "नागपूरला, भाच्याच्या लग्नाला. अक्षता हातात होत्या अन् फोन. दीदी, दाल खतम. चाळीस माणसं ताटावर बसून राहिली होती. मी तशीच परत आली. लाडूही नाही खाल्ला लग्नाचा."

"काका होते ना इथे?"

"यांना मोजता येते," काकू म्हणाल्या, "मागवता येत नाही."

काका वर्तमानपत्रात बघत होते. पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

मंगळवार: कोपर, मनगट, बोटं

कोठीची खोली स्वयंपाकघराच्या मागे. अकरा मोठे डबे. पाट ठेवण्याआधी काका पाणसळ घेऊन आले आणि फरशी चारी बाजूंनी तपासली. तीन ठिकाणी उतार निघाला, तिथे पत्र्याच्या पट्ट्या स्वतः कापून घातल्या. मग लाकडी पेटी आणली. आत पितळी वजनांचा संच, पन्नास ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत, प्रत्येक वजनाला मखमलीत कोरलेलं आपापलं घर. निवृत्तीच्या वेळी स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू, असं काकू म्हणाल्या. काकांनी रुमालात धरून एकेक वजन प्रत्येक पाटावर ठेवलं, माझ्या मोबाइलमध्ये बघितलं, आणि अकरापैकी अकरा पाटांवर खडूनं बरोबरची खूण केली. असं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. मी मनातून फुलून गेले होते.

मग काकूंची पद्धत पाहिली. डब्याचं झाकण काढायचं आणि उजवा हात सरळ आत खुपसायचा. हात कोपरापर्यंत गेला तर आठवडा निघेल. मनगटापर्यंत गेला तर परवा मागवायचं. नुसती बोटं बुडली तर आत्ता, या मिनिटाला. किलो-बिलो त्यांना माहीत नव्हतं. स्वयंपाकी शंकर महाराज (तिकडे स्वयंपाक्याला महाराजच म्हणतात, राज्य चुलीपुरतं असलं तरी) यांनाही तीच भाषा कळते. "दीदी, बेसन कलाई तक आ गया," असं ते ओरडताना मी ऐकलं. पण स्वतःच्या हाताच्या भरवशावर माल मागवायची त्यांची छाती नव्हती. त्यांचा हात काकूंच्या हातापेक्षाही आखूड. त्यांचं कोपर म्हणजे काकूंचं जेमतेम मनगट, आणि तिथेच नागपूरच्या लग्नाच्या वेळी घोळ झाला होता.

म्हणून मी एक केलं. प्रत्येक डब्यात काकूंना हात घालायला लावला, त्या त्या वेळचं वजन टिपलं, आणि अ‍ॅपमध्ये किलोच्या शेजारी कोपर, मनगट आणि बोटं अशा तीन खुणा घातल्या. महाराजांसाठी हिंदीत कोहनी, कलाई, उंगली. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. हसू दे. महाराजांनी मोबाइल बघितला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "अब समझ में आया."

एक अट मात्र मी घातली. शनिवारपर्यंत काकूंनी डब्यात हात घालायचा नाही. हात घातला की यंत्रावर विश्वास बसत नाही, हा माझा अनुभव. काकूंनी बाही खाली ओढली. ती त्यांना इतकी टोचत होती की दिवसभर दुसऱ्या हातानं खाजवत होत्या.

काकांनीही एक अट घातली. रोज संध्याकाळी ते स्वतःच्या काट्यावर प्रत्येक डब्यातला माल तोलून बघणार आणि यंत्राशी ताळा जुळवणार. एकटे, दार लोटून. कारखान्यात तपासणीच्या वेळी जवळ कुणी उभं राहायचं नाही असा नियम होता म्हणे. मंगळवारी संध्याकाळी ते तासाभरानं बाहेर आले. "अकराच्या अकरा बरोबर," म्हणाले. काकूंनी वर जाऊन डिंकाचे लाडू वळायला घेतले, पुण्याला न्यायला.

बुधवार: तूरडाळीनं केलेला घोटाळा

बुधवारी संध्याकाळी काका बाहेर आले ते मान हलवत. "मॅडम, तूरडाळ. तुमचा पाट दोन किलो जास्त दाखवून राहिला."

मी पाट बदलला. राउटर हलवला. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, फरशीत ओल असेल. फरशीवर कागद घातला. उंदीर शोधले, एक सापडला, पण दोन किलोचा नव्हता. काका माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आले आणि शेजारी बसून म्हणाले, "जाऊ द्या. यंत्र आहे शेवटी. माणसासारखं थोडंच राहणार?" मला त्यांच्या समजूतदारपणाचं फार कौतुक वाटलं. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

तेवढ्यात मृणालचा व्हिडिओ कॉल आला. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना निम्म्या वाक्यात हिंदीत उतरते. "मम्मी, पक्का ना शनिवारचं? मला भीती वाटून राहिली ग. दिनभर अकेली पडी रहती हूँ."

"पक्कं," काकू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघितलं. "आहे ना पक्कं, ताई?"

मी हो म्हणाले. माझा आवाज मला स्वतःलाही पटला नाही. आजवर मी वीसएक दुकानांत पाट बसवले असतील, पण कुणाचं बाळंतपण माझ्या पाटावर अवलंबून नव्हतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. जवळच्या सिहोऱ्याहून सकाळी ताजा मटार आला होता आणि त्याची उसळ महाराजांनी अशी केली होती की तसल्या मनःस्थितीतही मी दोनच वाट्या खाल्ल्या.

गुरुवार: सराफ्यात

गुरुवारी काकूंनी आम्हा दोघांना सराफ्यात पिटाळलं, बाळासाठी चांदीचे वाळे आणायला. जुनी, अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं, मध्ये स्कूटर आणि गाय दोघींनाही एकाच वेळी जायचं असतं. काकांनी सोनाराला वाळे तीनदा तोलायला लावले. मग काट्याच्या डाव्या पारड्यावर धूळ आहे म्हणून फुंकर मारून चौथ्यांदा.

"अंकल जी, नाती के लिए ले रहे हैं कि अदालत के लिए?" सोनार म्हणाला. आजूबाजूचे सगळे हसले, काकाही हसले, पण पाचव्यांदा तोलून घेतलंच.

बाहेर येऊन आम्ही खोव्याची जलेबी खाल्ली. ती काळसर असते, जाडजूड, आणि एक खाल्ली की दुसरी घ्यायची हिंमत होत नाही. मी घेतली. काकांनी मात्र हातातली तशीच ठेवली होती. ते तळहातावर वाळे ठेवून बघत होते.

"एवढासा पाय असते का हो?"

"मृणालचा पाहिला असेल की तुम्ही."

"कुठं? ती नागपूरला झाली, हिच्या माहेरी. मला सुट्टी नाही मिळाली. दोन महिन्यांची झाली तेव्हा हातात आली, तोवर पाय मोठे झाले होते." त्यांनी वाळे डबीत ठेवले आणि डबी दोनदा बंद करून बघितली.

संध्याकाळी पुन्हा तपासणी. पुन्हा मान हलवत बाहेर. "तांदूळ एक किलो जास्त. साखर अर्धा."

काकू चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले. "चलो, झालं तर मग. उद्या सकाळी तिकीट कॅन्सल करते. मृणालच्या सासूबाईंना विनंती करू." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे लाडवांचा डबा उचलून फळीवर ठेवायला निघून गेल्या.

मी तिथेच टेबलावर बसून तीन दिवसांची सगळी नोंद उघडली. पाटावरचं वजन कधी किती होतं ते मिनिटामिनिटानं दिसतं. बुधवारी पहाटे सव्वापाचला तूरडाळ एकदम वाढलेली. किती? दोन किलो. गुरुवारी सव्वापाचला तांदूळ. एक किलो. साखर, पाचशे ग्रॅम. दहा ग्रॅम इकडे नाही, दहा तिकडे नाही. आणि रोज संध्याकाळी तपासणीच्या वेळी तेवढंच परत उतरलेलं.

वडील सांगायचे, बिघडलेला काटा कधी नेमका चुकत नाही. त्याची चूक वेडीवाकडी असते, आज सव्वाशे, उद्या नव्वद. चूक इतकी नीटनेटकी असेल तर ती काट्याची नाही, काट्याजवळच्या माणसाची. पहाटे पाचला कोठीचं कुलूप कोण उघडतं? मी उठले आणि बाहेरच्या कपाटातली लाकडी पेटी उघडून बघितली. मखमलीतली तीन घरं रिकामी होती: दोन किलो, एक किलो, अर्धा किलो. डब्यांतून काढलेली वजनं अजून घरी परतलीच नव्हती.

माझं डोकं असं फिरलं की सांगायची सोय नाही. दोन दिवस मी फरशी पुसत होते, उंदीर शोधत होते, आणि हा माणूस मला चहा पाजत होता! तिथल्या तिथे बोंब ठोकणार होते. पण काकूंचा चेहरा आठवला आणि गप्प बसले. अडतीस वर्षांच्या संसारात मी, चार दिवसांची पाहुणी, काय म्हणून बोलणार?

शुक्रवार: ग्वारीघाटावर आणि डाळीच्या डब्यात

सकाळी उठल्याबरोबर मोबाइल बघितला. सव्वापाच वाजता तूरडाळ पुन्हा दोन किलोनं वाढली होती. आणि सहा वाजता काका स्कूटर काढून खाली उभे. "चला मॅडम, नर्मदाजी तरी दाखवतो तुम्हाला. मग तर तुम्ही जाणारच."

ग्वारीघाटावर कडाक्याची थंडी होती. पाण्यावरून वाफा निघत होत्या, नावाडी बोलावत होते, आणि परिक्रमेला निघालेली काही माणसं काठ्या बाजूला ठेवून चहा पीत होती. तिकडची माणसं नदीला नुसतं नर्मदा म्हणत नाहीत, मैया म्हणतात नाहीतर नर्मदाजी, घरातल्या मोठ्या बाईला म्हणावं तसं. आम्हाला कृष्णामाईची सवय, म्हणून मला ते लगेच आपलं वाटलं. आम्ही पायरीवर बसलो.

"काका," मी म्हणाले, "बिघडलेला काटा कधी नेमका चुकत नाही."

त्यांनी मफलर घट्ट केला. मग म्हणाले, "सव्वाशे-दीडशे ग्रॅम इकडं तिकडं करायला पाहिजे होतं."

"मग का नाही केलं?"

"हात धजला नाही ना. चौतीस वर्षं त्यातच गेली. खोटं करायचं तर तेही बरोबर मापात." आणि स्वतःच हसले. मी रागावून बसले होते, पण मलाही हसू आलं. मग त्यांचं हसू गेलं.

"मला भीती वाटते, मॅडम. खरं सांगून टाकतो. तुमचं यंत्र पास झालं का ती जाणार. दोन महिने. जायलाच पाहिजे, मला काय समजत नाही का? पण सकाळी उठून मी बोलू कोणाशी? अन् परत आल्यावर तिला समजलेलं असणार का इथं तिच्याबिगर चालते. मग ती इथं काहून थांबेल? पुण्यात लेक असणार, नातवंड असणार. इथं काय, मी."

मला एवढ्या सरळ बोलण्याची अपेक्षा नव्हती. माझा राग पार उतरला आणि त्या जागी नुसतं वाईट वाटलं. मी म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? काकूंना सांगा. त्या दहा वाजता तिकीट रद्द करणार आहेत."

"कसं सांगू?"

"जमेल तसं."

घरी आल्यावर ते तडक कोठीत गेले आणि काकूंना हाक मारली. मी आणि शंकर महाराज दारात. काकांनी तूरडाळीच्या डब्याचं झाकण काढलं. "हात घाल."

"ताईंनी मना केलं ना?"

"मी सांगून राहिलो. घाल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी बाही वर दुमडली आणि हात खुपसला. मनगटाच्या जरा पुढे गेला. मग तो हात आत थबकला. हळूच बाहेर आला तेव्हा त्यात मलमलच्या फडक्याची पुरचुंडी होती. त्यांनी गाठ सोडली. स्वच्छ घासलेलं, लखलखीत पितळी वजन. डाळ खाण्याची वस्तू म्हणून काकांनी ते धुऊन, पुसून, फडक्यात बांधून लपवलं होतं.

"अरे, यह तो साहब का बाट है!" महाराज म्हणाले.

काकू वजनाकडे बघत होत्या, मग नवऱ्याकडे.  आता कोठीतली भांडी उडतील असं मला वाटलं.

"मला थांबवायला," काकू म्हणाल्या, "दोनच किलो?"

महाराज तोंडात पंचा कोंबून स्वयंपाकघरात पळाले. काकू मात्र तिथल्याच एका उपड्या डब्यावर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "करमत नाही म्हणून सांगायचं होतं ना. अडतीस वर्षांत एकदा तरी."

"आता सांगून राहिलो ना."

"असं सांगतात? डाळीत लपवून?"

 काका फडकं घेऊन त्याच्या घड्या घालत राहिले. काकूंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "ताई, म्हणजे तुमचं यंत्र बरोबर आहे?"

"अगदी बरोबर."

"मी नसली तरी कोठी चालते?"

"चालते."

"अन् हे नसले तरी?"

"काका नसले तर जास्तच बरोबर चालेल," मी म्हणाले. एवढा सूड मला घ्यायचाच होता.

"मग तुम्ही इथं बसून काय करणार हो?" काकू नवऱ्याला म्हणाल्या. "चला."

"मी? बाळंतपणात पुरुषाचं काय काम?" काका खरोखर घाबरले होते. त्यांच्या घराण्यात मुलीचा बाप बारशाला जातो, तोही पाहुण्यासारखा. आमच्याकडेही तेच.

"रोज वजन करावं लागते बाळाचं. मला त्यांच्या काट्यातलं काय समजते?"

 काकांनी फडक्याची घडी खिशात घातली, पेन नीट केलं, आणि विचारलं, "काटा कोणता आहे त्यांच्याकडं?"

दहाच्या ठोक्याला मी तत्काळ तिकिटाला बसले. मिळालं, पण तीन डबे सोडून पुढे. मीही त्याच गाडीनं परतणार होते आणि माझी जागा काकूंच्या शेजारची होती; ती काकांना दिली आणि त्यांची मी घेतली. मग दिवसभर काकूंनी महाराजांना मोबाइल शिकवला. शेवटी कोठीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. महाराजांनी ती आधी कपाळाला लावली आणि मग कमरेला खोवली.

शनिवार: पिपरियाच्या पुढे

गाडी वेळेवर सुटली. पिपरिया गेल्यावर मी डबे ओलांडत त्यांच्याकडे गेले. खिडकीबाहेर गव्हाची हिरवी शेतं, मध्येच सरसूचा, म्हणजे मोहरीचा, पिवळा पट्टा, आणि आत पुऱ्या, मटाराची भाजी, लिंबाचं लोणचं. काकांनी माझ्यासाठी जागा केली.

पुरी हातात घेतली तोच काकूंचा मोबाइल वाजला. कोठीतला निरोप: तूरडाळ मागवायची वेळ झाली. काकूंनी हातातला घास खाली ठेवला, बोटं पुसली आणि महाराजांचा नंबर शोधायला लागल्या. नंबर लागायच्या आत दुसरा निरोप आला, महाराजांच्या आवाजात. "दीदी, दाल मँगवा ली है. शाम से पहले आ जाएगी. आप दोनों आराम से जाइए."

मला वाटलं काकू खूश होतील. मी तर टाळीच देणार होते. पण त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. 

"अठरा वर्षांत पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, "मला कोणी काही विचारलं नाही."

काका संत्रं सोलत होते. त्यांनी त्याच्या फोडी वेगळ्या केल्या, शिरा काढल्या, आणि सगळंच काकूंच्या हातात दिलं. "मी विचारतो ना," ते म्हणाले. "सांग बरं. पुण्याला पोचल्यावर पहिले काय करायचं?"

काकूंनी एक फोड तोंडात टाकली आणि सांगायला सुरुवात केली. इटारसी आलं तरी त्यांचं सांगणं चालूच होतं, आणि काका एकदाही मध्ये बोलले नव्हते. मी हात धुतले आणि माझ्या डब्याकडे निघाले.